काटा शून्यावर होता

माझ्या हातांना काही कळत नाही, असं त्या हिवाळ्यात आमच्या घरात ठरून गेलं होतं. ठरवणारे आमचे हे. हे म्हणजे वासुदेव मास्तर, शाळेत विज्ञान शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणे, आणि रागात असले की मीही मास्तरच म्हणे. तो सगळा काळ माझा रागातच गेला, तेव्हा इथेही मास्तरच म्हणते.

भांडण एकच होतं. आमची अहिल्या वाढत नाही, असं मी म्हणायची. ती झकास वाढते आहे, असं मास्तर म्हणायचे, आणि त्यांच्या बाजूने काटा होता. माझ्याकडे नुसते दोन हात. पोर उचलली की हलकी लागायची. कालच्यापेक्षा हलकी नव्हे, असायला हवी त्यापेक्षा हलकी. हे मास्तरांना सांगायला जावं तर ते विचारायचे, "किती हलकी?" किती ते मला सांगता यायचं नाही. मग ते हसायचे, आणि मी आत जाऊन भांडी आपटायची.

हा काटा घरात आला एकसष्ट साली. रशियाचा एक माणूस पृथ्वीभोवती फेरी मारून आला आणि आमच्या मास्तरांचे पाय जमिनीवर राहीनात. तेव्हा आम्ही डहाणूला समुद्राजवळ राहायचो. माझे वडील तिथेच रेल्वेत होते, आणि मला दिवस गेलेले होते. मास्तर मुंबईला जाऊन आले. येताना माझ्यासाठी लुगडं आणतील अशी माझी भाबडी समजूत. त्यांनी आणला वजनाचा काटा, नव्या किलोचा. वर अडकवायला कडी, खाली हूक, मधे पितळेची लांब पट्टी आणि मागे उघडी स्प्रिंग. हुकाला काही टांगलं की स्प्रिंग ताणायची आणि काटा पट्टीवरून खाली सरकायचा.

त्यावर बसवायला मास्तरांनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. एक चंद्राची, एक मंगळाची, एक गुरूची, एक शुक्राची. चंद्राची पट्टी लावली की शाळेतल्या मुलाच्या डब्याचं चंद्रावरचं वजन दिसायचं. मुलं खुळावली. गुरूची पट्टी लावली की साधा पाण्याचा तांब्या अडीच तांब्यांएवढा जड दाखवायचा. अहिल्या जन्मली तेव्हा बाराव्या दिवशी नाव ठेवण्याआधी बापाने तिला जुन्या धोतराच्या झोळीत घालून ओसरीच्या वाशाला टांगलं आणि तिची सगळ्या ग्रहांवरची वजनं मला वाचून दाखवली. चंद्रावर अर्धा किलोसुद्धा नाही. मंगळावर जेमतेम एक. गुरूवर मात्र चांगली सात किलोंची.

मला तेव्हा मजा वाटली, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, गुरूवर गेल्याने पोरीच्या अंगात असं काय भरतं? ते म्हणाले, काहीच नाही. पोर तेवढीच राहते. तिच्यात जेवढा ऐवज आहे त्याला वस्तुमान म्हणायचं, ते कुठेही गेलं तरी बदलत नाही. बदलते ती खालच्या ग्रहाची ओढ. ती ओढ म्हणजे वजन. मग मी विचारलं, वाण्याने चंद्रावर दुकान टाकलं तर त्याने तोलायचं कसं? मास्तर खूश झाले. बायको मॅट्रिक झाली आहे याचा त्यांना अधूनमधून आनंद व्हायचा. ते म्हणाले, "वाण्याचा तराजू चंद्रावरही खरंच बोलेल. गूळ हलका झाला तर समोरचं वजनही तेवढंच हलकं होणार. स्प्रिंगचा काटा मात्र जिथे टांगाल तिथलं ऐकतो."

हे वाक्य मी विसरले नाही. पण ते कधी कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

डहाणूची खारी हवा लोखंडाला खाते हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. त्या पावसाळ्यात खिडकीच्या सळया गंजल्या, अडकित्ता गंजला, काट्याची स्प्रिंगही लालसर झाली. मास्तर दर रविवारी काटा उतरवून बसायचे. रॉकेलचा बोळा, मग पॉलिश पेपर, मग खोबरेल तेल. स्प्रिंगचा एकेक वेढा घासून ते चांदीसारखा लख्ख करत. मग रिकामी झोळी टांगून स्क्रू पिळत आणि काटा बरोबर शून्यावर आणत. "बघ, शून्यावर आहे," असं मला दाखवल्याशिवाय ते पोरीला झोळीत ठेवत नसत. पोरीचं अंग पुसायला मी सांगितलं की त्यांना वह्या तपासायच्या असत. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

दिवाळीनंतर त्यांची तलासरीला बदली झाली. सामानाबरोबर काटा आला आणि इथे आल्यावरही त्याची रविवारची आंघोळ सुटली नाही, कारण एकदा धरलेला गंज पुन्हा पुन्हा फुटत होता. आणि याच सुमाराला माझं दूध कमी झालं. मला ते कळत होतं. छाती भरून यायची बंद झाली होती. अहिल्या चोखायची, दमायची, झोपायची. रडायची नाही. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, काय शहाणी पोर आहे हो तुमची, घरात मूल आहे असं वाटतसुद्धा नाही. मला ते शब्द टोचायचे. घरात मूल आहे असं वाटायला नको का?

वरचं दूध सुरू करू म्हटलं तर मास्तर म्हणाले, कशाला? वजन वाढतंय. त्या उन्हाळ्यात डहाणूला जुलाबांनी दोन-तीन तान्ही मुलं गेली होती, ती सगळी वरच्या दुधावरची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तरी एकदा मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या नवशीच्या शेळीचं दूध बोळ्याने पाजलं. नेमके पोरीला दोन पातळ जुलाब झाले. मग जे व्हायचं ते झालं. मास्तरांनी तिला झोळीत घातलं, काट्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "उपाशी असती तर ही वाढली असती का?" काटा खरंच खाली सरकला होता.

राहता राहिलं उष्टावण. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. पाचवा महिना बदलीच्या धांदलीत गेला. सातवा लागणार तोच गंजाडहून सासूबाईंचा निरोप आला, की अष्टग्रही सुटेपर्यंत घरात काही शुभकार्य करायचं नाही, पोरीच्या तोंडाला भाताचं शीतही लावायचं नाही. मला वाटलं, आता तरी मास्तर उसळतील, एवढे विज्ञानवाले. ते म्हणाले, आईचं मन कशाला मोडायचं? चार दिवसांनी काय बिघडतं, वजन तर वाढतंय. म्हणजे ग्रह मानणारी सासू आणि ग्रह न मानणारा नवरा, दोघं मिळून माझ्या पोरीच्या तोंडासमोर हात आडवा धरून बसली होती.

अष्टग्रहीचं ते खूळ आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही. बासष्टच्या फेब्रुवारीत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार आणि जग बुडणार, अशी हूल देशभर उठली होती. शहरात म्हणे तुपाचे यज्ञ चालले होते. आमच्याकडे वेवजीपासून कास्यापर्यंतच्या गावांत कुणी नवं काम हाती घेईना. लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, बुडायचंच आहे तर खाऊन बुडू म्हणून. बाजाराला आलेली माणसं मास्तरांना गाठून विचारायची, भुई फाटेल की आपण वर ओढले जाऊ? मास्तरांच्या पायाला भिंगरी लागली. सायकलला काटा अडकवून ते पाड्यापाड्यांवर फिरायचे आणि सांगायचे, ग्रह इतके लांब आहेत की त्यांच्या ओढीने या काट्याला केसाएवढाही फरक पडणार नाही.

मी घरात येरझारा घालायची. पोरीला उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. खांद्यावर घेऊन दारापर्यंत जायची आणि परत यायची. हातात तवा घेऊन पाहायची, पाण्याची कळशी घेऊन पाहायची, मग पोर घेऊन पाहायची. आपलेच हात आपल्याला फसवत असतील तर बाईने कुणाला विचारायचं? जीव सारखा टांगणीला. नवशी एकदा पोरीच्या पायावरून हात फिरवत म्हणाली, "बाय, गिऱ्हं वडतात तिला." मी तिच्यावर खेकसले. आणि ती गेल्यावर, मॅट्रिक झालेली मी, पोरीच्या उशाशी कोयता ठेवून आले. इतकी मी घाबरले होते.

मास्तरांनी जाहीर केलं होतं, की ऐन अष्टग्रहीच्या रविवारी बाजारात सगळ्यांसमोर ते काटा टांगतील आणि वजन बदलत नाही हे दाखवतील. शनिवारी संध्याकाळी त्यांनी काटा शेवटचा घासला, शून्यावर आणला आणि अहिल्येला झोळीत घातलं. काटा साडेसहाच्या खुणेवर थांबला. त्या खुणेपाशी पितळेवर एक तिरपा चरा होता, बदलीच्या गाडीत पडलेला. काटा बरोबर त्या चऱ्यावर. मास्तरांनी मला हाक मारून ते दाखवलं. साडेसहा किलो, लतिका, आता तरी तुझा जीव निवू दे, असं ते अगदी मायेने म्हणाले. मी चऱ्याकडे पाहिलं आणि पोरीकडे पाहिलं. झोळीतून तिचे दोन पाय बाहेर आले होते, काटकुळे.

रविवारी सकाळी देवजीशेठच्या किराणा दुकानासमोर, चिंचेखाली माणूस मावत नव्हता. दुकान उघडं होतं, कारण देवजीशेठ म्हणायचा, बुडायच्या दिवशीपण लोकांना मीठ लागेल. मी पोरीला घेऊन पुढेच उभी होते. घरी बसवत नव्हतं.

मास्तरांनी फांदीला काटा अडकवला. स्क्रू पिळून शून्यावर आणला आणि पुढच्या चार माणसांना तो दाखवला. मग पिशवीतून एक गोल दगड काढला. हा दगड त्यांनी आदल्या आठवड्यात याच काट्यावर तोलला होता, तेव्हा जे वजन भरलं तेच आज भरेल, असा त्यांचा बेत. तो बेत तसाच पार पडला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण वेवजीचा म्हातारा लडक्या पुढे आला. तो म्हणाला, दगड तुमचा आन काटाही तुमचा, शेठचं सरकारी वजन टांगा. लोकांनी मान डोलावली. मास्तरही आनंदाने हो म्हणाले, कारण त्याहून चांगला पुरावा कुठला? देवजीशेठने नवं पाच किलोचं वजन आणून दिलं. त्यावर सरकारी शिक्का होता.

मास्तरांनी वजन झोळीत ठेवलं आणि हात सोडला. काटा चाराखाली गेला, पाचाखाली गेला, सहाच्याही खाली गेला आणि थांबला.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी काटा पाहिला, ज्यांना येत नव्हतं त्यांनी मास्तरांचं तोंड पाहिलं. दोघांनाही सारखंच कळलं. मागून कुणीतरी म्हणालं, भुई जड झाली. तेवढं पुरलं. बायकांनी पोरं उचलली, कुणाची टोपली लवंडली, कोंबड्या सुटल्या, आणि बघता बघता चिंचेखाली धूळ तेवढी उरली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मास्तरांनी वजन काढलं, काटा शून्यावर आहे हे पाहिलं, वजन पुन्हा ठेवलं. काटा पुन्हा तिथेच. आणि मग आमचे मास्तर, ज्यांनी महिनाभर घसा फोडून गावोगाव सांगितलं होतं की ग्रहांनी काही होत नाही, त्यांनी मान वर करून आभाळाकडे पाहिलं. क्षणभरच. मी ते पाहिलं, आणि मला हसू आलं नाही.

कारण मी काट्याकडे पाहत होते. काटा त्या तिरप्या चऱ्यावर होता.

काल तिथे माझी पोर होती. आज तिथे पाच किलोचं लोखंड होतं. ग्रहांनी काट्याला फरक पडत नाही हे तर मास्तरच सांगत होते, आणि माझा त्यांच्यावर तेवढा विश्वास होता. मग जड झालं ते लोखंड नाही आणि भुईही नाही. काटाच खोटा होता. आणि काल तो माझ्या पोरीला साडेसहा म्हणाला होता. लोखंडाचे पाच ते माझ्या पोरीचे पाच. डहाणूहून निघतानाही ती पाचाच्या आसपासच होती. म्हणजे सगळा हिवाळा ती तिथेच थांबली होती आणि तिच्या नावावर काटा वाढत होता.

उभं राहून चालणार नव्हतं. मी दुकानाच्या पायऱ्या चढले आणि देवजीशेठला म्हटलं, पोरीला तराजूत ठेवायचंय. तो मण्यांची माळ ओढत बसला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही भलतंच मागितलं होतं.

"बेन, छोकरीला लोखंडासमोर नाय तोलायची," तो म्हणाला. "आजच्या दिवशी तर नायच नाय."

आमच्यातही तान्ह्या पोराला दुकानाच्या तराजूत घालत नाहीत. माल तोलतात, माणूस नाही. माणूस तोलायचा तो देवासमोर, नवसाचा, गुळाने. मला ते आठवलं आणि मी म्हटलं, मग लोखंड काढा, गूळ घाला. महालक्ष्मीला बोलले आहे मी. खरं तर बोलले नव्हते, त्याच घटकेला बोलत होते. देवजीशेठने माळ खाली ठेवली. देवीचं नाव आल्यावर त्यालाही ना म्हणता येईना. आधी त्याने त्याच पाच किलोंच्या वजनाला गुळाची ढेप तोडून बरोबर तोलली. मग लोखंड उतरवून पारडं रिकामं केलं, त्यात आपला धुतलेला पंचा अंथरला. मी अहिल्येला त्यात ठेवलं.

तेवढ्यात मास्तर आत आले. त्यांच्या हातात काटा होता. त्यांनी विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, "बघा. हा चंद्रावरही खरं बोलतो म्हणाला होतात."

दांडी हलली. गुळाचं पारडं खाली राहिलं. पोरीचं पारडं जरासं वरच तरंगत होतं.

मास्तर शिकलेले होते, मूर्ख नव्हते. मला एक अक्षर बोलावं लागलं नाही. त्यांनी तराजूकडे पाहिलं, हातातल्या काट्याकडे पाहिलं, आणि लख्ख स्प्रिंगवरून अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "तार बारीक झाली. मी घासून घासून बारीक केली. बारीक तार जास्त ताणते." पोरीकडे पाहून म्हणाले, "डहाणूहून निघालो तेव्हा ही एवढीच होती." त्यांनी गुळाच्या पारड्यातून एक लहानसा खडा तोडून घेतला. दांडी सरळ झाली. तो खडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. किती महिन्यांचं साठलेलं होतं. पण मी तो खडा त्यांच्या हातून घेतला, देवजीशेठच्या माठातल्या पाण्यात वाटीत विरघळवला, बोट बुडवलं आणि पोरीच्या ओठांना लावलं. अष्टग्रही ऐन भरात होती, सासूबाईंचा निरोप होता, मुहूर्त कशालाच नव्हता. झालं आमच्या अहिल्येचं उष्टावण.

तिने डोळे उघडले आणि माझं बोट धरलं. हिरड्यांनी असं धरलं की मला कळ आली. त्या एवढ्याशा अंगात इतका जोर शिल्लक होता. बोट सोडवून पुन्हा बुडवायला घेतलं तर तिच्या तोंडातून आवाज निघाला, मांजराच्या पिल्लासारखा. मी मास्तरांना म्हटलं, तुम्हीही लावा बोट. त्यांनी लावलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

पोरीला तडक डहाणूच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, पण त्या दिवशी एसटीचा भरवसा नव्हता, कारण प्रवासाला माणूसच नव्हतं. डहाणू रोड स्टेशनवर गवताचे भारे घेऊन चाललेला एक ट्रक तेवढा मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, मुंबईच्या म्हशींना अष्टग्रही कळत नाही, त्यांना गवत लागतंच. त्याच्याशेजारी आम्ही तिघं बसलो. वाटेत गंजाड आलं. मास्तरांची आई तिथून हाकेच्या अंतरावर होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते ड्रायव्हरला म्हणाले, थांबवू नका. वाटीतलं पाणी हिंदकळत होतं आणि ते त्यात बोट बुडवून पोरीला देत होते.

मधेच म्हणाले, "केवढी ओढते ही."

डहाणूला डॉक्टरांनी तिला हातात घेतलं. पोट दाबून पाहिलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, छातीला नळी लावली. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, वजन किती? गेल्या सात महिन्यांत हा प्रश्न कुणीही विचारला की मास्तरांचं उत्तर प्रश्न संपायच्या आत तयार असे, वर ग्रहांची वजनं फुकट. आता मात्र ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "हिला विचारा. हिला पहिल्यापासून माहीत होतं."

"हलकी आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "आणि उपाशी आहे."

डॉक्टर म्हणाले, दुसरा काही आजार दिसत नाही, पण थांबला असतात तर कठीण होतं. आधी चमच्याने पातळ दूध, थोडं थोडं, दर तासाला, मग पेज. आम्ही माझ्या वडिलांकडे राहिलो. मी आणि मास्तर आळीपाळीने चमचा धरायचो. पहिल्या दिवशी तिने निम्मं ओकलं. दुसऱ्या दिवशी कमी ओकलं. अष्टग्रही केव्हा सुटली ते मला आठवत नाही. जग बुडालं नाही, हे वडिलांनी वर्तमानपत्र वाचून सांगितलं. मला तरी अजून तशी खात्री वाटत नव्हती. मी पोरीच्या नाकापाशी बोट धरून बसायची, उठायची, पुन्हा येऊन बसायची.

मग एके दुपारी मी विहिरीवर दुपटी धूत होते आणि घरातून रडणं ऐकू आलं. आधी मला वाटलं, शेजारचं मूल असेल. आमच्याकडे असा आवाज कुठला? तो थांबेना. टाहो फोडून, श्वास कोंडून, रागाने. हातातलं दुपटं तिथेच टाकून मी धावले. ओसरीवर मास्तर अहिल्येला दोन्ही हातांत धरून उभे होते, घाबरेघुबरे. दूध निवायला ठेवलं होतं आणि तिला तेवढा धीर नव्हता. लाल झालेलं तोंड उघडून ती बापाच्या तोंडावर ओरडत होती.

"अगं, ही रडते," मास्तर म्हणाले. "काय करू?"

मी पायरीवर बसले. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच अशी बसले, की पुन्हा उठायची घाई नव्हती. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि मी दोन्ही येऊ दिलं.

"रडू दे," मी म्हटलं. "जरा रडू दे तिला."